कौलं कुठून आली

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आक्का वाईट काहीच बोलली नाही. चित्र हातात घेतलं, लांब धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "झ्याक काढलंयस की. कुणाचं घर म्हणायचं हे?"

आपलं, म्हणालो.

"आपल्याला कौलं कवा होती रं?"

एवढंच. मग ती कढईतल्या शेंगा परतायला वळली. जेवताना परत तो विषय निघाला नाही. दादा होता, दुसरे विषय होते. अमावस्या झाली की जेसीबी येणार आहे. ते आज नको.

वैरागहून येताना एस.टी.त खिडकीची जागा मिळाली, तरी नान्नजचा माळ कधी गेला कळलं नाही. डोक्यात एकच. कौलं आली कुठून?

सतरा वर्षं राहिलो मी त्या घरात. दगडामातीच्या हातभर रुंद भिंती, वर तुळया, तुळयांवर फळ्या, त्यावर मातीचा जाडजूड थर. सपाट माळवद. मधोमध साणं, त्यातून दुपारी उन्हाचा एक चौकोन खाली पडायचा आणि आई त्याच्यावर वेळ ठरवायची. उन्हाळाभर आम्ही सगळी भावंडं वर माळवदावर झोपायचो. कौलांवर झोपतं का कुणी? आणि उतार द्यायचा तो कशासाठी? रत्नागिरीकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडं साडेपाचशेच्या आसपास. तोही आला तर. पुढं १९९३चा भूकंप झाला. ३० सप्टेंबरच्या पहाटे सोलापुरात आम्ही खाटेवरून उठून रस्त्यावर आलो होतो. किल्लारीकडं माणसं मेली ती अशाच दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची माती अंगावर येऊन. अप्पांनी त्या दिवाळीच्या आतच वरची माती उतरवली आणि पत्रे घातले. म्हणजे आधी माती, मग पत्रा. कौल एक दिवस नव्हतं त्या घरावर. आणि मी मन लावून, एकेक कौल बर्न्ट सिएनानं, सावलीला थोडा अल्ट्रामरीन घालून, दोन सकाळी बसून रंगवलं.

घरी आल्यावर सगळी चित्रं पलंगावर मांडली. एकतीस. सत्तावीस घरांना उतरतं लाल छप्पर. अक्कलकोट रोडवरचं म्हणून काढलेल्या एका घरामागं तर नारळ आहे. तीन वर्षांत हे एकदाही खटकलं नाही मला. निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी करावं म्हणतात, म्हणून मी हे केलं. पेन्शनीतून तीनशे जीएसएमचा कागद आणतो, हिला त्याची किंमत माहीत आहे आणि ती बोलत नाही, ते वेगळंच. एवढं करून मी काढतोय काय, तर दुसऱ्याच्या मुलखातली घरं. स्वतःचं दार सोडून.

दोष द्यायचा तर शाळेतल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेपासून देता येईल. घर म्हटलं की त्रिकोण, मागं दोन डोंगर, मधून नदी. आमच्या गावाला डोंगरही नव्हता आणि नदीही. आता मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकतो, त्यातही धुकं, ओलं अंगण, चिऱ्याची भिंत. पण व्हिडिओवाल्यानं आपलं घर काढ म्हटलं नव्हतं. ते मीच काढलं. डोळे मिटून बसलो असतो तरी माळवद दिसलं असतं. मिटले नाहीत, बस्स.

झोप येत नाही. पंखा नुसता गरम वारा फिरवतोय.

सोमवार, सकाळ

पाचला उठून गच्चीवर बसलो. एप्रिलात सात वाजून गेले की संपलं. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, या टोकाकडून त्या टोकाला नेईपर्यंत मागचा वाळून कडा धरतो. कागद मागूनही भिजवून काचेवर चिकटवला, म्हणजे जरा दम धरतो.

आणि कळलं, मी कौलं का काढत होतो. सोपी असतात! छप्पर उतरतं असलं की एक अंग उजेडाचं, एक सावलीचं, चित्र आपोआप उभं राहतं. माळवदाचं घर म्हणजे खोकं. खाली उभं राहिलं तर छप्पर दिसतच नाही. भिंत मातीची, अंगण मातीचं, दुपारचं आभाळही धुळीनं तसलंच. सगळं येलो ऑकरच्या दोन-तीन छटांत. पहिला कागद बघून मला शेंगापोळी आठवली. तीही कडेनं करपलेली.

दुसऱ्या कागदावर घर सोडलंच. फक्त भिंतीचा वरचा तुकडा घेतला आणि त्यातून बाहेर आलेली लाकडी पन्हाळ. ऊन डोक्यावर आलं की तिची सावली भिंतीवरून सरळ खाली उतरायची, पन्हाळीपेक्षा किती तरी लांब. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कालवून एकाच फटक्यात ती ओढली. हात लावला नाही परत. सावलीत खालच्या टोकाला थोडं निळं उतरलं, ते मी केलेलं नाही, पाण्यानं केलं. पन्हाळीच्या तोंडाशी पांढरा कागद तसाच राखला. भिंतीच्या डोक्यावर वाळकं गवत आलं होतं का? पावसाळ्यानंतर यायचं. दोन काड्या ओढल्या.

अप्पा तिथंच खाली बसायचे दाढी करायला. जाऊ दे.

हिनं चहा आणला, बघितलं, म्हणाली, "हे काय, नळ?" हसू आलं. तिनं ते घर पाहिलं तेव्हा माळवद उरलं नव्हतं, तिचा काय दोष.

फोटो काढून आक्काला पाठवला. ती दुपारपर्यंत बघत नसते, पण पाच मिनिटांत उत्तर. आधी हात जोडलेले, मग बोलून पाठवलेलं, मागं कोंबडी ओरडतेय:

"आता आपलं दिसतंय बग. पन पन्हाळ दाराच्या उजव्या अंगाला होती. तू डावीकडं केलीस."