बांधाच्या वरची जमीन

"हाथ डाल के देखो सा," शेतकरी बासा म्हणाले.

हरभऱ्याच्या दोन ओळींमध्ये मी बोटं खुपसली. वरचा बोटभर थर कोरडा, भुसभुशीत. त्याखाली मात्र गार ओल. मूठभर माती दाबली तर तिचा लाडू वळला. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. पाऊस सप्टेंबरात संपलेला, आणि पेरल्यापासून या पिकाला कुणी थेंबभर पाणी दिलेलं नव्हतं. जैसलमेरहून साठेक किलोमीटरवर, रामगढच्या बाजूला, वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही अशा मुलखात घाटे धरलेला हरभरा मी उकिडवा बसून बघत होतो.

मी सोलापूर जिल्ह्यातला. आमच्याकडे याच्या अडीच-तीनपट पाऊस पडतो. तरी वडिलांनी नऊ एकरांत मारलेल्या सात बोअरपैकी पाच कोरड्या गेल्या, आणि त्यांचं कर्ज आम्ही कितीतरी वर्षं फेडलं. त्यामुळे किल्ला आणि उंटाची सफर बाजूला ठेवून मी आधी खडीन बघायला आलो होतो.

खडीन म्हणजे उतार संपतो तिथे घातलेला मातीचा लांबलचक बांध. वरच्या खडकाळ, मुरमाड जमिनीवरचं पावसाचं पाणी वाहत येतं, बांधाला अडतं, सोबत आणलेला गाळ टाकतं आणि तिथेच मुरतं. मुरता मुरता मातीतले क्षारही खाली नेतं. जास्त झालं तर सांडव्यावरून पुढे जातं. दिवाळीच्या आगेमागे पाणी आटतं. उरलंच तर बांधातली मोरी उघडून काढून देतात आणि वाफशावर गहू-हरभरा पेरतात. पंधराव्या शतकात पालीवाल ब्राह्मणांनी ही रीत इथे रुजवली. त्यांचं ओस पडलेलं कुलधरा गाव बघायला गाड्या भरभरून लोक येतात, भुताच्या गोष्टी ऐकून जातात. त्यांनी शिकवलेल्या रीतीने पिकणारी शेतं मात्र कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

बासांचं वय सत्तरीच्या पुढे. बांधावरून चालताना मी त्यांना विचारलं, "बासा, खडीन केवढं?" त्यांनी हात शेताकडे न करता उलट दिशेला, वरच्या उजाड पठाराकडे केला. तिथे दगडगोटे, तुरळक केर नावाची आणि बोरडीची झुडपं, बाकी काही नाही. त्याला आगोर म्हणतात. एक एकर खडीन भिजायचं तर वर बारा-पंधरा एकर आगोर मोकळा लागतो. तिथे नांगर घालायचा नाही, घर बांधायचं नाही, घाण करायची नाही. नकाशावर ती पडीक जमीन दिसते. बासांच्या हिशेबात खडीनाची सुरुवातच तिथून होते. हा हिशेब मला आधी कुणी सांगितला नव्हता. आमच्याकडे बांधबंदिस्तीची कामं किती झाली, पण पाणी ज्या माळावरून येतं त्याचं काय, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

दुपारी बासांच्या सुनेने बेरीवर नेलं. बेरी म्हणजे पाझराची अरुंद विहीर. तोंड लहान, वर लाकडी झाकण. या भागात वाळूखाली जिप्समचा थर आहे. मुरलेलं पाणी त्या थरावर अडतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, वाळूतच ओल होऊन राहतं. त्याला रेजाणी पाणी म्हणतात. बेरी खणायची ती थराच्या वरपर्यंतच; थर फोडला की गोडं पाणी गेलं. तिने रबरी डोल सोडला आणि दोरीला दोनदा झटका दिला. तीनदा डोल वर आला, चौथ्यांदा नुसता ओला. "आता उद्या सकाळी," म्हणाली आणि झाकण लावलं. रात्रभरात पुन्हा पाझरतं. मला आमच्या बोअरची मोटर आठवली. पाणी गेलं तरी ती घरघरत राहायची आणि आम्ही अजून शंभर फूट खाली जायचा विचार करायचो.

दुसऱ्या दिवशी ओरण पाहिलं. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आपली देवराईच म्हणा. फक्त इथे दाट झाडी नसते, सेवण गवत आणि मधूनमधून खेजडी, म्हणजे आपली शमी. हिरव्या फांदीला कुऱ्हाड लावायची नाही. गुरं-उंट चरतात, सेवणची मुळं वाळू धरून ठेवतात. ती निघाली की वाळू चालायला लागते. इस्रोच्या २०१८-१९च्या नकाशांनुसार देशाची जवळपास ३० टक्के जमीन ऱ्हासाच्या वाटेवर आहे. त्यात राजस्थान सर्वांत पुढे, आणि महाराष्ट्रही मागे नाही.

पण सरकारदरबारी कितीतरी ओरणं पडीक म्हणूनच लिहिलेली. मग तिथे सौर पॅनेल येतात, वीजवाहिन्यांचे मनोरे येतात. सौर वीज हवीच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या जमिनीवर गावाची गुरं आणि पाणी उभं आहे तिला पडीक म्हणून उचलून देणं हा अन्याय आहे. त्या तारांवर गोडावण आदळून मरतात. गोडावण म्हणजे आपला माळढोक. नान्नजच्या माळावर लहानपणी वडिलांनी खांद्यावर बसवून तो मला दाखवला होता. आता देशात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक याच भागात. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओरणांची मोजणी करून त्यांना वनाचा दर्जा द्यायला राजस्थान सरकारला सांगितलं. गावकरी त्या मोजणीकडे डोळे लावून बसलेत.

रात्री बासांच्या अंगणातून घरी फोन लावला. अण्णांना, म्हणजे वडिलांना, हरभऱ्याचं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. आधी पाऊस किती ते विचारलं, मग बांध किती उंच, माती कसली. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

"आणि बांधाच्या वरची जमीन कुणाची?"

"गावाची, अण्णा. तिथं कुणी नांगर घालत नाही."

"आपला वरचा माळ मीच नांगरला रे," ते म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळानंतर. तोवर ओढा होळीपर्यंत वाहायचा."