पत्र्याला दहा लागले

कवितेत आकडे नसतात, असं मी त्या पोराला सांगितलं होतं. त्याच्या वहीतले सगळे आकडे लाल पेनाने खोडले आणि बाजूला लिहिलं, ‘घामाचे मोती असं काहीतरी आण.’ चौदा वर्षं मराठी शिकवतोय, तेवढा अधिकार आपल्याला आहे असं वाटायचं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दसरा झाला की गाव निम्मं रिकामं होतं. जोडपी उसाला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. पोरं कुठं आजीपाशी, कुठं हंगामी वसतिगृहात, कुठं आईबापाबरोबर फडात. त्यामुळं पालकांसमोर काही करायचं तर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनालाच. झेंडावंदन, १९४८ साली निजामाची राजवट कशी संपली याचं भाषण (दरवर्षी तेच, माझंच), मग पोरांचा कार्यक्रम.

मागच्या वर्षी ठरवलं, पाठांतराच्या कविता बंद. स्लॅम, म्हणजे कविता म्हणायची स्पर्धा, घ्यायची. शिकागोत १९८०च्या दशकात मार्क स्मिथ या बांधकामावर काम करणाऱ्या कवीने हा प्रकार सुरू केला. कविता स्वतःची हवी, तीन मिनिटांत संपली पाहिजे, वाद्य नाही, वेशभूषा नाही. आणि परीक्षक प्रेक्षकांतूनच उचललेले पाच जण. दहापैकी गुण द्यायचे, सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान आकडा काढून टाकायचा, उरलेल्या तिघांची बेरीज. हे सगळं बारमध्ये वाढलं, एवढं मात्र मी पालकांना सांगितलं नाही.

परीक्षक म्हणून आशाताई, किराणावाले, भजनात मृदंग वाजवणारे आजोबा, बी.ए.ला असलेली गावातली एक मुलगी, आणि पाचवे मुकादम, गावातली जोडपी उसाला नेणारे. त्यांना बसवलं कारण ते शाळा समितीवर आहेत आणि मंडपाचे पैसे त्यांनी दिले होते. पहिलीच्या पोरांच्या पाट्या गोळा करून पाचही जणांच्या हातात दिल्या. वेळ संपली की शाळेची घंटा, म्हणजे रुळाचा तुकडा, वाजवायची.

पहिली सात-आठ पोरं नेहमीसारखी. पाऊस, झाड, आणि मोबाइलच्या स्टेटसवरून उचललेला शेतकरी बाप. सहावीतल्या एका मुलीने विचारलं होतं, “आजीची ओवी चालंल का सर?” नियमात बसत नव्हतं. पण जात्यावरची ओवी नेमकी कुणाची, हे कोण सांगणार? गी पॉइटेविन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी बायकांच्या तोंडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या सगळ्या एकीकडून दुसरीकडं जाताना बदलत गेलेल्याच. म्हटलं, शेवटच्या दोन ओळी तुझ्या घाल. तिने हातपंपाच्या घातल्या, दांडा दाबल्याचा हावभाव करत, आणि बायका हसून लोटपोट झाल्या.

मग हा आकडेवाला उठला. सातवीतला, उंचीला कमी. डीजेवाल्याकडून आणलेला माइक किंचाळला तसा त्याने तो सरळ बाजूला केला.

“माज्या मायचं नाव कोयता.
माज्या बापाचं नाव कोयता.
दोघं मिळून एकच कोयता.
मायला ताप आला की
अर्धा कोयता.”

घामाचे मोती कुठंच नव्हते. मी वही उघडून बसलो होतो, ती मिटली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. कामाचा दिवस चुकला तर खाडा, त्याचे पैसे कापतात.

“औंदाची उचल ऐंशी हजार.
आबाच्या दवाखान्याला पंचवीस.
ताईच्या लग्नाचं देणं चाळीस.
घरावर पत्रे, नऊ...”

“धा लागले पत्र्याला,” मागून त्याची माय बोलली. मोठ्यानं नाही. दुकानात हिशेब चुकला की माणूस बोलतं तसं.

पोरगं थांबलं. मला वाटलं, गेलं आता हे. पाठ केलेलं बोलताना मधे कुणी टोकलं की पोरं रडकुंडीला येतात. याने बोटं मोजली, ओठ हलवले आणि म्हणाला, “पत्रे दहा. मंग उरले पाच.”

दोन-चार जण हसले. नंतर कुणीच हसलं नाही. कारण समोर बसलेल्या निम्म्या बायांची बोटं पदराखाली हलत होती, आपापली बेरीज चालली होती. मी ती बोटं पाहत बसलो आणि घंटा वाजवायची राहून गेली. तीन मिनिटांच्या वर किती गेलं, मोजलं नाही.

“पाच हजारात दसरा,
पाच हजारात दिवाळी,
आन् सहा महिने ऊस.”

एवढं म्हणून तो खाली बसला. नमस्कारसुद्धा केला नाही.

पाट्या वर आल्या. नऊ, आठ, नऊ, सात. मुकादमांची पाटी मांडीवरच. सगळा मंडप त्यांच्याकडं बघत होता आणि त्याचा बाप खाली जमिनीकडं. उचल त्यांच्याच हातून आलेली, दसऱ्यानंतर गाडी त्यांचीच. मला म्हणाले, “सर, मार्क द्यावेच लागतेत का?” मी मान हलवली. त्यांनी लिहिलं आणि पाटी उचलली. दहा.

नियमाप्रमाणे सगळ्यांत मोठा आकडा जातो. त्यांचा दहा मीच फळ्यावर खोडला. सातही गेला. उरले सव्वीस, दुसरा नंबर. पहिला हातपंपवालीला.

दहा का दिले, हे मला अजून कळलेलं नाही. स्वतः मुकादमांनी वीस वर्षं मोळ्या वाहिल्यात, ते आठवलं असेल. किंवा टाळी वाजवून टाकली की गोष्ट तिथंच मिटते, हेही त्यांना ठाऊक असेल. निघताना चप्पल घालत एवढंच बोलले, “पोरगं हिशेबाला पक्कं हाय. धा-बारा वर्सांनी मुकादमच करू त्याला.” बाप हसला. हसावं लागलंच असेल.

दुसऱ्या दिवशी त्याने वही आणून टेबलावर ठेवली. मी खोडलेल्या आकड्यांच्या डोक्यावर त्याने सगळे आकडे पुन्हा लिहिले होते, पेन दाबून, पानामागं उमटतील इतके. पत्र्याला दहा. खाली एक नवीन ओळ होती.

“हे कधी वाढवलं?”

“राती. माय म्हनली, किराण्याचे दोन ऱ्हायलेत, ते तू धरलेच न्हाईत.”

उरले तीन.