थर्गुडला हसताना

‘द पीजेज’ ही अमेरिकेतल्या सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब काळ्या लोकांची विनोदी मालिका, बाहुल्या थोड्या थोड्या हलवून एकेक फ्रेम टिपत केलेली. तिचा भाग सुरू असताना माई एवढंच म्हणाल्या, “गरिबांनाच हसतायत की हे!” आणि उठून गेल्या. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. इतकी जीव लावून बघितलेली मालिका, आणि तिची बाजू घ्यायला घरात कुणीच नाही. फार एकटं वाटलं.

आक्षेप जुनाच आहे. जानेवारी १९९९मध्ये फॉक्स या अमेरिकन वाहिनीवर ती आली तेव्हा काळा दिग्दर्शक स्पाइक ली यानंही सुनावलं होतं, यात काळ्या लोकांबद्दल प्रेम दिसत नाही म्हणून. एडी मर्फी आणि लॅरी विल्मोर हे काळेच विनोदवीर तिचे निर्माते असूनही. त्याआधी १९७४च्या ‘गुड टाइम्स’ या गरीब काळ्या कुटुंबावरच्या मालिकेत तर आईबापांचं काम करणाऱ्या जॉन एमोस आणि एस्थर रोल या घरच्याच कलाकारांना त्यातल्या जेजे या मुलाचा विदूषक झालेला खुपत होता.

पण या बाहुल्या जवळून बघाव्यात. पातळ लॅटेक्स फेस येईपर्यंत घोटायचं, तो फेस घट्ट करणारं रसायन घालायचं, धातूचा सांगाडा ठेवलेल्या साच्यात भरून भट्टीत भाजायचं. फेस लवकर घट्ट झाला तर साच्याचे कोपरे रिकामे राहतात, उशीर झाला तर फेस बसतो. कोपर-गुडघे वाकवून वाकवून नेमकी तिथेच चीर जाते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर २२ मिनिटांना ३१,६८० होतात. एक ठेवण दोन फ्रेम चालवली तरी १५,८४० वेळा बाहुली हलवायची. ज्याचा तिटकारा आहे त्याला कुणी इतक्यांदा हात लावेल? पण नुसत्या मेहनतीनं माया सिद्ध होत नाही, हेही कळतं. स्मोकी पडद्यावर आला की हसू फुटतं आणि लगेच जड वाटतं. व्यसनात बुडालेला माणूस तो. त्याच्यात हसण्यासारखं काय आहे?

अमेरिकेचं सरकारी घरांचं खातं, १९६५चं ‘हड’, तिथे मालिकेतला इमारतीची देखभाल करणारा थर्गुड खेटे घालतो तेव्हा मात्र मनात काही खुपत नाही, कारण तिथे हसू त्या खात्याचं येतं.

आपल्याकडचंच बघा. इंदूरला एलआयजी-एमआयजीच्या, म्हणजे कमी आणि मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी बांधलेल्या जुन्या घरांमध्ये छताला ओल येते, तेव्हा खालचा माणूस पुट्टी मारतो, रंग काढतो. पावसाळा नसतानाही पुन्हा पोपडे येतात, कारण पाणी वरच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून झिरपतं. तो सांधा उकरून नव्याने बसवल्याशिवाय खाली कितीही घासा. आणि बघणारे म्हणतात, काय घाणेरडे राहतात लोक!

ही मालिका पुष्कळदा वर जाऊन तो सांधा दाखवते, म्हणून ती मला प्रिय आहे. स्मोकीच्या वेळी ती खालच्या पोपड्यांवरच थांबते. ते मला पटत नाही, पटणारही नाही. २००१मध्ये ती बंद झाली, आता कुणी दुरुस्त करणार नाही. आहे तशीच बघायची. थर्गुडला हसेन, स्मोकीला हसू आलं तर तेही येऊ दे, वाईटही वाटू दे.