आमची वाटचाल: ट्रॉफीपासून टाइप ७७ पर्यंत

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीला विमानांची मॉडेलं नव्हतीच. फायबरच्या ट्रॉफ्या, शाळांच्या गॅदरिंगची मानचिन्हं, पतसंस्थांच्या पाट्या, असा धंदा. पण नाशकात साचेकाम करायचं आणि ओझरकडून काम यायचं नाही, हे होणं शक्य नव्हतं. १९६४ साली ओझरला एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, मिग लढाऊ विमानांचा कारखाना उभा राहिला. सांगाडा इथे, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी त्या कामाची वाटणी होती. तिथे आयुष्य घालवलेली माणसं निवृत्त होऊ लागली, तशी निरोपाला देण्यासाठी विमानांची मागणी सुरू झाली. साच्यातून फायबरचं विमान काढायचं, मोटारीला मारतात तोच चंदेरी रंग मारायचा आणि पितळी पट्टी लावून स्टँडवर बसवायचं. लांबून मिग दिसायचं. त्या काळी कोणी जवळून बघतही नव्हतं.

जवळून बघणारं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेले एक टेक्निशियन काका. त्यांना ‘मिग-२१’ नको होतं, टाइप ७७ हवं होतं. मिग-२१ एफएलला स्क्वाड्रनमध्ये याच नावाने ओळखत. त्यातही एक ठरावीक टेल नंबर, म्हणजे शेपटीवरचा विमानाचा क्रमांक, आणि कॉकपिटची काच उघडलेली. इथूनच सगळं बदललं. एफएलची काच पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, समोरच्या काचेसकट अख्खी वर उचलली जाते. नंतरच्या टाइप ९६ ची काच उजवीकडे कलते. एफएलच्या नाकावरची पिटोची लांब नळी (हवेचा वेग मोजणारी) बरोबर मध्यावर, पुढच्या मॉडेलात ती उजवीकडे सरकली. एफएलला आतमध्ये तोफ नाही. हवी तेव्हा पोटाखाली तोफेचा पॉड टांगायचा. बाकीच्यांना एकच वाटणारी ही विमानं काकांना सख्ख्या पोरांसारखी वेगवेगळी ओळखता येत होती.

फायबरच्या साच्यात एवढं बारीक काम निघत नाही. म्हणून आम्ही प्लास्टिकच्या किटकडे, म्हणजे सुटे भाग जोडून उभ्या करायच्या मॉडेलकडे, वळलो. चेक प्रजासत्ताकातली एडुआर्ड कंपनी १/४८ मापात मिग-२१ काढते, ती किटं अप्रतिम आहेत. खऱ्या मिगचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर. म्हणजे १/७२ मापात दहा सेंटिमीटरला जरासे कमी, १/४८ ला पंधराच्या आत आणि १/३२ ला बावीसच्या वर. आम्ही १/४८ धरलं. कपाटात मावतं आणि चष्मा लावून कॉकपिटमधली बटणं दिसतात.

मग २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. रोख स्वस्त आयात खेळण्यांवर होता, पण स्केल मॉडेलची किटंही त्याच शीर्षकाखाली मोडतात. किटाची किंमत एवढी चढली की गिऱ्हाइकाला सांगताना आमचीच जीभ अडखळायची. रंगांचं दुखणं आणखी वेगळं. बरेचसे ज्वलनशील, विमानाने पाठवायला नियमांची कटकट.

शेवटी कर्ज काढून रेझिन प्रिंटर घेतला, पातळ रेझिन थराथराने घट्ट करत वस्तू घडवणारा. आता सांगाडा आम्हीच कॉम्प्युटरवर उभा करतो, प्रसिद्ध झालेल्या फोटोंवरून आणि संग्रहालयात उभ्या असलेल्या विमानांवरून. थर ०.०५ मिलिमीटरचे असले तरी पंखावर जिन्यासारख्या पायऱ्या उमटतातच, म्हणून भाग तिरका ठेवून छापायचा आणि नंतर वॉटर पेपरने घासायचा. हिवाळ्यात निफाडकडची थंडी उतरली की रेझिन मधासारखं घट्ट होतं, प्रिंटच धरत नाही. डिसेंबरात आमच्याकडे माणसांआधी प्रिंटरला हीटर लागतो. नाक मात्र अजूनही जुन्याच पद्धतीने भरतो. मिगचा सगळा भार मागे, त्यामुळे मॉडेल शेपटीवर बसतं. नाकातल्या शंकूत मासेमारीच्या गळाचं शिसं कोंबलं की ते तिन्ही चाकांवर उभं राहतं. पिटोची नळी इंजेक्शनच्या सुईची. प्लास्टिकची नळी पहिल्याच झटकणीला मोडते, आणि आपल्याकडे धूळ झटकल्याशिवाय कोणी राहत नाही.

रंगकामाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक खरं तर त्यासाठीच येतं.

आमचा मुख्य रंगारी गणपतीच्या कारखान्यातून आलेला. स्प्रे गन त्याच्या हातात लहानपणापासून. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा हात कापत नाही. कॉकपिटमधलं एकेक मीटर तो श्वास रोखून रंगवतो. त्याला शिकावं लागलं ते वेगळंच: चमक कमी करणं. मूर्तीला रंग खुलावा लागतो, विमानाला तो दबावा लागतो. छोट्या वस्तूवर खऱ्या विमानाचा रंग जसाच्या तसा मारला तर तो गडद दिसतो, म्हणून थोडा पांढरा मिसळायचा. सोव्हिएत कॉकपिटचा तो निळसर हिरवा रंग बाटलीतून सरळ मारला की भडक वाटतो. तो आम्ही दरवेळी हाताने घोटतो.

सगळ्यात अवघड काम उघड्या धातूचं. एफएल बरीच वर्षं रंगाशिवाय, धातूच्या कातडीवरच उडाली. ते दाखवायला आधी चकचकीत काळा रंग, त्यावर ॲल्युमिनियमचा लॅकर. काळ्यावर एक ओरखडा राहिला तरी चंदेरीतून तो ओरडून सांगतो. शिवाय खऱ्या विमानाचे पत्रे एका छटेचे नसतात, म्हणून एकेक पत्रा टेपने झाकून वेगळी छटा द्यायची. शेपटीकडे, आफ्टरबर्नरजवळ, तापून करपलेल्या पोलादाचा रंग. रेडोम, म्हणजे नाकातला रडार झाकणारा शंकू, हिरवा.

यात पावसाळा आला की संपलंच. लॅकर झपाट्याने सुकतो, सुकताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंगावर पांढुरकी साय येते. कंप्रेसरला पाणी पकडणारा फिल्टर, थिनरमध्ये सुकणं लांबवणारा रिटार्डर, खोलीत डीह्युमिडिफायर, सगळं केलं. तरी जुलैत आम्ही उघड्या धातूचं काम घेत नाही. त्यातच गणपती जवळ आले की रंगारी गावी कारखान्यात जातो. “दादा, बाप्पाचं काम पहिलं,” म्हणतो, त्याला कोण काय बोलणार? त्यामुळे आमचं रंगकामाचं वर्ष विसर्जनानंतर सुरू होतं.

खुणांचं गाडं बरेच दिवस अडलं होतं. बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा, असं हवाई दलाचं चक्र. साध्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे चंदेरी विमानावर पांढऱ्या पट्ट्यातून खालचं चंदेरी डोकावायचं. तोडगा निघाला तो लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे. स्क्रीन प्रिंटिंगने पांढरा रंग दाट बसतो. आम्ही पाण्यात सुटणारा डीकल कागद (खुणा मॉडेलवर चिकटवायचा) दिला, त्याने पत्रिकांच्या मधल्या रिकाम्या वेळात छापून दिलं. मुहूर्त दाट असले की आमचे टेल नंबर रखडतात. ग्लॉस कोट, त्यावर डीकल, ते खाचांत बसवणारं द्रावण, परत कोट, हा क्रम मात्र कोणासाठीही मोडत नाही.

आता एक मत, जे काही सहव्यावसायिकांना पटत नाही. हल्ली मॉडेलवर मळ थापायची फॅशन आहे. प्रत्येक पत्र्याच्या फटीत काळं भरायचं, गंज, ओघळ. अरे, १/४८ मापात एक मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ पाच सेंटिमीटर! असं विमान उडेल का? काकांनी पहिल्याच वेळी सांगितलं होतं, “आम्ही रोज पुसायचो हो विमान. डाग कुठे असतो ते विचारा, किती असतो ते नका विचारू.” मग त्यांनी पोटाखालच्या गळतीची जागा बोटाने दाखवली. तेव्हापासून आमचा नियम आहे की ऑर्डर पायलटची असली तरी एखादा टेक्निशियन गाठायचा. पायलटला कॉकपिट आठवतं, टेक्निशियनला पोट.

संग्रहालयातल्या विमानावरून आकार घ्यावा, रंग घेऊ नये. ती इतक्यांदा रंगवलेली असतात की मूळ छटा खाली कुठेतरी राहते. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास काही स्क्वाड्रनांनी चंदेरी मिगवर जागच्या जागी, हाताशी होता तो हिरवा चढवला. दोन विमानं एकसारखी निघाली नाहीत. अशी ऑर्डर आली की एअरब्रश बाजूला ठेवून आम्ही बारीक कुंचल्याने फराटे मारतो. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर हल्ला करणाऱ्या मिगचं मॉडेल मागणारे दरवर्षी निघतात. फोटो असेल त्याच विमानाचं काम आम्ही घेतो. कल्पनेने हिरवा मारून देत नाही, मग ऑर्डर गेली तरी चालेल.

पैशाचं म्हणाल तर अजूनही गाळ्याचं भाडं ट्रॉफ्याच भरतात. एका एफएलला लागणारे तास आणि मिळणारी रक्कम मांडली तर आमचा सीए कपाळाला हात लावतो. निम्मे पैसे आगाऊ घेतो, काम सुरू असताना फोटो पाठवतो, आणि टेल नंबर लेखी घेतल्याशिवाय डीकल छापायला देत नाही.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, त्याच्या आधीपासूनच फोन वाढले होते. बहुतेकांना शेवटपर्यंत उडालेलं राखाडी बायसन, म्हणजे मिग-२१ चं सुधारित रूप, हवं असतं. खरं सांगायचं तर ते रंगवायला मला कंटाळा येतो. पण राखाडी रंगाला पावसाळ्याची फारशी भीती नाही, त्यामुळे वर्षभर काम चालतं आणि पोरांचे पगार वेळेवर होतात. तेजसची फाइलही कॉम्प्युटरवर अर्धी तयार आहे. ओझरला त्याची जुळणी सुरू झाल्यापासून ट्रॉफीवाली गिऱ्हाइकंच विचारायला लागली आहेत.

एफएलच्या नव्या ऑर्डरला सध्या होळीनंतरची तारीख देतोय. बायसन त्याआधी मिळेल.