बाळाचे कार्ड पूर्ण होते

जानेवारीतली ती सकाळ चांगलीच गारठ्याची होती. धंतोलीतील आमच्या बालरुग्णालयात ओपीडी सुरू व्हायला अर्धा तास बाकी असताना सिस्टर धावत आत आल्या आणि एक बाळ निळे पडत असल्याचे त्यांनी सांगितले.

पाच आठवड्यांची मुलगी होती. टेबलावर ठेवली तेव्हा ती शांत, गुलाबी आणि बिनतापाची दिसली. आईच घाबरट असावी असे मला क्षणभर वाटून गेले, हे आज लिहिताना लाज वाटते. मग तिला खोकल्याची उबळ आली. आठ-दहा बारीक ठसके एकामागोमाग आले आणि त्यानंतर छाती हलेचना, ओठांभोवती निळसर कडा उमटली. तळपायाला टिचक्या मारून प्राणवायू लावल्यावर तिने श्वास घेतला. डांग्या खोकल्यातला तो ओळखीचा ‘हूप’ आवाज एवढ्या लहान बाळात बरेचदा ऐकूच येत नाही. श्वास थांबणे हेच कधी कधी पहिले लक्षण ठरते.

आईने पिशवीतून लसीकरणाचे कार्ड काढून पुढे केले. “एकही सुई चुकवली नाही जी, डॉक्टर.” ते खरे होते. बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी या जन्मावेळच्या तिन्ही लसींच्या तारखा तिथे नीट लिहिलेल्या होत्या. डांग्या खोकल्याविरुद्धचा घटक असलेली पेंटाव्हॅलंट लस मात्र 6 आठवड्यांनी सुरू होते, म्हणजे तिची पाळी यायला आठवडा होता. गरोदरपणात आईने टीडीचे दोन डोसही घेतले होते. पण टीडी ही धनुर्वात आणि घटसर्पाची लस. डांग्या खोकल्याचा घटक टीडॅपमध्ये असतो. ती 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान घेतली, तर आईची प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि पहिले उघडे आठवडे बरेचसे झाकले जातात. ही लस सरकारी वेळापत्रकात नसल्याने तिला कोणी सांगितलेच नव्हते.

हे मी समजावत असतानाच दाराबाहेर कोणीतरी दम लागेपर्यंत खोकले. बाप होता. कळमना मार्केटमध्ये हमाली करणारा हा माणूस तीन आठवडे खोकत होता आणि धुळीचा खोकला म्हणून कफ सिरप पीत होता. लहानपणच्या लशीचे संरक्षण काही वर्षांत ओसरते, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला मात्र होते, आणि तरीही ‘घरात खोकला कोणाला आहे?’ हा प्रश्न मी आधी विचारला नव्हता.

नाकातील स्वॅबच्या पीसीआर तपासणीने संशय पक्का केला. मुलीसह घरातल्या सर्वांना अझिथ्रोमायसिन दिले. बापाचे औषधाचे पाच दिवस पुरे होईपर्यंत त्याला आत सोडले नाही. तो तोंडाला गमछा बांधून अतिदक्षता कक्षाच्या काचेबाहेर उभा राहायचा. आजीला मी टीडॅप घ्यायला सांगितले तेव्हा, “या वयात मले कायले सुई?” म्हणून ती हसली. लस घेतल्यावर अंगात संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे घरच्यांनी ती बाळ यायच्या आधी घेतलेली बरी, हे तिला दोनदा सांगावे लागले.

अकराव्या दिवशी मुलगी घरी गेली; खोकला पुढे कित्येक आठवडे रेंगाळला. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस द्यायला आणली, तेव्हा बापाने आपला मोबाइल माझ्या हाती दिला. पलीकडे उमरेडला राहणारी, सातवा महिना लागलेली त्याची बहीण होती. कितवा आठवडा आहे, हे तिला सांगता येईना, म्हणून तिच्या सोनोग्राफीचा कागद मागवून घेतला.