शस्त्रक्रियेआधीचे ४ आठवडे

सिगारेट ओढणाऱ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली, तर तो अन्याय म्हणायचा का? आज दिवसभर हाच प्रश्न डोक्यात घोळतोय. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. मग जखम भरायला वेळ लागतो, ती चिघळते. निदान ४ आठवडे आधी सिगारेट बंद झाली, तर हा धोका बराच कमी होतो. तेव्हा तातडीची नसलेली शस्त्रक्रिया एवढ्यासाठी थांबवणं मला पटतं. पण त्या काळात समुपदेशन आणि निकोटीनचे पॅच रुग्णालयानेच द्यायला हवेत. नुसतं 'सोडून या' म्हणत रुग्णाला प्रतीक्षायादीत मागे सारलं, तर ती शिक्षाच झाली. आणि ती भोगतो सरकारी रुग्णालयावर अवलंबून असलेला माणूस. ज्याच्याकडे पैसे आहेत, तो खासगीत जाऊन मोकळा होतो.

खासगी विम्यात निवाडा हप्ता ठरवतानाच होतो. तंबाखू घेणाऱ्याला जादा हप्ता, हिशेब सरळ वाटतो. गोची मोजमापात आहे. सहसा तपासतात ते कोटिनीन, म्हणजे शरीरात निकोटीनचं विघटन होऊन बनणारा पदार्थ. पॅच लावून किंवा निकोटीनचं च्युइंगम चघळून सिगारेट सोडू पाहणाऱ्याचीही ही तपासणी पॉझिटिव्ह येते. म्हणजे जो सोडायची धडपड करतोय, त्यालाच भुर्दंड! लघवीतलं ॲनाबेसिन तपासलं तर हा घोळ टळतो, कारण ते तंबाखूत असतं, पॅचमध्ये नसतं. ही दुसरी तपासणी केल्याशिवाय कुणाचाही हप्ता वाढवू नये.

मला जास्त काळजी वाटते ती लपवाछपवीची. हप्त्याच्या धास्तीने अर्जात दारू लपवलेला माणूस डॉक्टरांपुढेही तेच सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू रुग्णालयात दाखल झाल्यावर एकदम तुटते. काही तासांतच हात थरथरू लागतात, पहिल्या २ दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होऊ शकतो. आधी कळलं तर औषधं वेळेवर सुरू होतात, थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्वही देता येतं; त्याला उशीर झाला, तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून दाखल होताना रुग्णाने दारूबद्दल जे खरं सांगितलं, ते दावा नाकारायला वापरता येणार नाही, असा नियम हवा. आणि तो रुग्णाला प्रश्न विचारण्याआधीच सांगायला हवा.