रविवारची ग्रामसभा आणि आमच्या वाड्यावरच्या बायका

काल डिचोली तालुक्यात आमच्या वाड्यावर भजन संपल्यावर बायकांना थांबवलं आणि पंचायतीचा विषय काढला. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश जागा आपल्यासाठी राखीव झाल्या, गोव्यात १९१ ग्रामपंचायती, म्हणजे बायका पंच भरपूर आहेत, पण ग्रामसभेत बघाल तर मागच्या खुर्च्यांवर चारच जणी, कारण सभा रविवारी आणि तेव्हाच घरात हुमण, म्हणजे माशांची आमटी, शिजत असतं, पाहुणे असतात, कोण सोडणार? एक काकी म्हणाल्या, "गो, आमी बोलून काय होतलं?" मला खूप वाईट वाटलं. अहो, मतदार यादीत नाव आहे ना, मग तुम्ही ग्रामसभेच्या मेंबरच, पाणी, कचरा, बजेट सगळं विचारू शकता! १९७३ साली शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या तो हाच गोवा. पुढच्या सभेला अकरा जणी जातोय, पहिला प्रश्न नळाचा.